खाली कोण दळायलंय?

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजत आले होते. इथे छत्रपती संभाजीनगरात मी चहा गाळत होतो आणि मला काहीही कळलं नाही. पाच मिनिटांनी वसमत तालुक्यातून मावशीचा फोन आला. "तुमच्याकडं आवाज आला का रे?" तिच्याकडे आला होता. आधी जमिनीतून गुरगुर, मग पत्र्यांचा खडखडाट, मग मांडणीवरची भांडी. नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली होती. ४.५ रिश्टरचा धक्का आणि केंद्र मावशीच्याच हिंगोली जिल्ह्यात, असं थोड्या वेळाने टीव्हीवर आलं. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळी सहाच्या सुमारास तेवढाच एक धक्का बसून गेला होता.

मावशीला धक्क्यांचं फारसं अप्रूप नाही, तिला आवाजाचं आहे. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतली माणसं कित्येक वर्षं हे आवाज ऐकत आलीत. पेपरवाले त्याला 'गूढ आवाज' म्हणतात आणि दर वेळी तोच मथळा नव्याने छापतात. मावशीचं म्हणणं सरळ आहे : "खाली कोण दळायलंय की काय, कोणास ठाऊक."

मी हसलो, पण ते दळण डोक्यातून जाईना. कारण या पृथ्वीवर अशा जागा खरोखर आहेत, जिथे खाली कुणीतरी दळतंय. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. त्याचा आवाज मात्र मावशीलाच काय, कुणालाच ऐकू येत नाही.

मराठवाड्यात भूकंप म्हटलं की किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती आडवी झाली होती. ६.२ च्या आसपासचा तो भूकंप. जमिनीखालची भेग प्रत्यक्ष सरकली ती मोजक्या सेकंदांत, आणि त्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. भूकंपाची आपली व्याख्या तिथेच पक्की झाली. जमीन एक तर शांत असते, नाही तर हादरते. तिसरं काही नसतं.

शास्त्रज्ञांचीही समजूत बरीचशी अशीच होती. दोन खडक एकमेकांना घासून अडून बसतात, ताण साठत जातो आणि एके दिवशी तो सुटतो. काही भेगा अडतच नाहीत, त्या लोण्यासारख्या सावकाश सरकत राहतात, हेही ठाऊक होतं. पण अडलेली भेग मधूनच सुटावी, काही आठवडे हळूहळू सरकावी आणि पुन्हा अडून बसावी, असं काही फारशा कुणाच्या हिशेबात नव्हतं.

तो हिशेब चुकला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. व्हँकुव्हर बेटाच्या परिसरात समुद्राचा तळ, म्हणजे ह्वान दे फुका नावाची प्लेट, वर्षाला चारेक सेंटिमीटर या गतीने उत्तर अमेरिकेच्या खाली घुसते आहे. वरचा काठ तिला अडकलेला, त्यामुळे तोही तिच्याबरोबर आत, पूर्वेकडे दाबला जातो. जमिनीत घट्ट रोवलेले जीपीएस वर्षाला काही मिलिमीटर असे इमानेइतबारे पूर्वेकडे सरकत होते. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यातले सात जीपीएस उलटे फिरले. दोन ते चार मिलिमीटर पश्चिमेकडे, सगळे पाठोपाठ, काही आठवड्यांत. भूकंपमापकावर भूकंपाची खूण नाही.

एखादं यंत्र उलटं फिरलं तर आपण मेकॅनिक बोलावतो. सात फिरली तर जमीनच फिरली असं मानावं लागतं. हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गणित मांडलं : खाली, तीस-चाळीस किलोमीटर खोलीवर, पन्नास किलोमीटर रुंद आणि तीनशे किलोमीटर लांब अशा पट्ट्यात दोन प्लेटा एकमेकींवरून सुमारे दोन सेंटिमीटर घसरल्या होत्या. हेच जर झटक्यात झालं असतं तर तो ६.७ चा भूकंप ठरला असता. म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा. आणि वर, त्याच बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात, कपातला चहाही डुचमळला नव्हता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन आकडा तपासला. हालचाल तीच, फरक वेगाचा. याला संथ घसरण म्हणतात.

ड्रॅगर्टांचा शोध छापून आला त्या सुमारास जपानमध्ये काझुशिगे ओबारा भूकंपमापकाच्या नोंदी चाळत होते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने देशभर शेकडो भूकंपमापक बसवले होते, तेही जमिनीवर नाही तर शंभर मीटर आणि त्याहून खोल बोअर घेऊन तळाशी. वर रहदारी, वारा, कारखाने यांचा गलका असतो, म्हणून. तरीसुद्धा काही नोंदींत एक बारीक थरथर दिसत होती. ती सुरू कधी झाली सांगता येत नव्हतं, संपली कधी तेही नाही. भूकंपाच्या नोंदीत कसं, पहिला झटका येतो, मग दुसरा, मग ओसरतं. इथे नुसती कुरबुर. असलं काही दिसलं की दुनियेतला कुठलाही तंत्रज्ञ म्हणेल : ट्रक गेला असेल.

ओबारांनी साधी गोष्ट पाहिली. ट्रक एका ठिकाणच्या यंत्राला जाणवेल. पन्नास किलोमीटरवरच्या यंत्राला नाही. ही कुरबुर मात्र लांबलांबच्या यंत्रांवर तशीच उमटत होती, थोड्या थोड्या सेकंदांच्या फरकाने, आणि तो फरक बरोबर खडकातून जाणाऱ्या लाटेच्या वेगाचा होता. मग उगम शोधला. तो निघाला सुमारे तीस किलोमीटर खाली, नैर्ऋत्य जपानच्या लांबीभर पसरलेल्या सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात. फिलिपिन्स समुद्राची प्लेट जपानखाली घुसते त्या रेघेला अगदी समांतर.

अशी थरथर ज्वालामुखीखाली असते, हे माहीत होतं; तिथे वितळलेला खडक आणि वायू हलत असतात. या पट्ट्यावर ज्वालामुखीच नव्हते. म्हणून तिचं नाव पडलं 'नॉनव्होल्कॅनिक ट्रेमर', म्हणजे बिनज्वालामुखीची थरथर. 'न-कांद्याची भजी' म्हणावं तसलं हे नाव. काय आहे ते कळत नसलं की काय नाही ते सांगायचं. हल्ली 'टेक्टॉनिक ट्रेमर' हे नाव जास्त चालतं, आणि ते बरं आहे.

ओबारांचा शोध २००२ मध्ये आला आणि कॅनडातले गॅरी रॉजर्स यांनी आपली जुनी दप्तरं उघडली. भूकंपमापकाच्या नोंदी त्यांच्याकडे, जीपीएसच्या नोंदी ड्रॅगर्टांकडे, दोघेही कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणातले. दोन्ही कागद एकाखाली एक धरले. जीपीएस उलटे फिरायचे त्या त्या वेळी भूकंपमापक कुरकुरत होते. फिरणं संपलं की कुरकुर संपायची. आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट, हे सगळं साधारण चौदा महिन्यांनी परत परत होत होतं. २००३ मध्ये हे छापून आलं. भूकंपशास्त्रात वेळापत्रक हा शब्द कुणी उच्चारत नाही, आणि इथे चक्क एक वेळापत्रक हाती आलं होतं. थोडंफार मागेपुढे होणारं, आपल्या एसटीसारखं, पण वेळापत्रक.

आता मावशीच्या जात्याकडे येतो.

आमच्या शहरात पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची. काही किलोमीटरवरच्या डोंगराकडचं पाणी खापरी नळांतून जमिनीखालून आणायचं, उंच भिंतीत चढवायचं, वरून हौदात सोडायचं आणि त्या जोरावर दगडी जातं फिरवायचं, अशी ती जुनी योजना. लहानपणी शाळेची सहल तिथे गेली की आम्ही हौदातले मासे बघायचो. जात्याकडे बघायला हवं होतं. खालची तळी स्थिर, वरची फिरते, आणि मधे दाणे. वरच्या तळीचं फिरणं एकसंध आणि मुकं असतं. घरघर होते ती दाण्यांची. एकेक दाणा अडतो, चिरडतो, तडकतो. असे हजार दाणे एकामागून एक तडकले की कानाला एकच अखंड घरघर ऐकू येते.

डेव्हिड शेली, ग्रेगरी बेरोझा आणि सातोशी इदे यांनी २००७ मध्ये जपानी थरथरीबद्दल जे दाखवलं ते जवळजवळ हेच आहे. त्यांनी ती कुरबुर उसवली. तिच्यात मंद सुराचे बारके बारके भूकंप निघाले, एकात एक मिसळलेले, झुंडीने आलेले. प्लेटांचं संथ घसरणं ही वरच्या तळीची चाल, आणि मधले काही चिवट ठिपके अडत-तडकत जातात ते दाणे. दोन्हींत जोर बघितला तर सगळा घसरणीचा. थरथरीत वाहून जाणारी ऊर्जा त्या मानाने चिमूटभर. पण ती चिमूटभर आहे म्हणूनच खाली जातं फिरतंय हे वर कळतं.

ही घरघर एका जागी राहत नाही. पट्ट्याच्या एका टोकाला सुरू होते आणि दिवसाला दहाएक किलोमीटर याप्रमाणे पुढे जाते. पैठणहून निघणारी नाथांची दिंडी तिला सहज मागे टाकेल.

पण जातं इतकं हळू का फिरतं? आणि एवढ्या खोलीवर ते फिरतं तरी कसं? पस्तीस किलोमीटर खडकाचं ओझं डोक्यावर असताना दोन दगड एकमेकांवर सरकायलाच नकोत. इथे पाणी येतं.

भाकरी आठवा. पीठ मळताना घातलेलं पाणी पिठात मुरतं, दिसेनासं होतं. तवा तापला की तेच पाणी वाफ होऊन सुटतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. समुद्रतळाच्या खडकांतही असंच पाणी मुरलेलं असतं, खनिजांच्या रचनेत बांधलेलं. प्लेट खाली जाते तसतशी तापते, आणि त्या खोलीवर तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. वर घट्ट खडक, वाट नाही. मग पाण्याचा दाब वाढत वाढत जवळजवळ वरच्या ओझ्याइतका होतो. पापुद्रा फुगतो असं नाही, पण दोन प्लेटांची एकमेकींवरची पकड सैल पडते. इतकी सैल, की जरासा ताणही त्यांना सरकवायला पुरतो. आणि पकडच नसल्यामुळे झटका देण्याइतका ताण तिथे साठतही नाही. वेग नेमका कशाने आवरला जातो यावर भूशास्त्रज्ञांचे वाद अजून जोरात आहेत.

पकड किती सैल असावी? ही थरथर समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर कमीजास्त होते. सुमारे साडेबारा तासांनी चंद्र समुद्र उचलतो-खाली ठेवतो, तेवढा भार बदलला की खाली घरघर वाढते-घटते. वरच्या खडकाच्या ओझ्यापुढे भरतीचा तो भार अगदीच नगण्य. धान्याच्या गाडीवर माशी बसावी आणि बैलांना कळावं, असला हा प्रकार.

माशीचं सोडा, दूरचा भूकंपही कळतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रा-अंदमानची भेग तेराशे किलोमीटर फाटली आणि त्सुनामी आली. त्या भूकंपाच्या लाटा पृथ्वीभर गेल्या. जपानखालून जाताना तिथल्या थरथरीने चक्क ताल धरला. लाट आली की कुरकुर, गेली की शांत, पुन्हा लाट, पुन्हा कुरकुर. हजारो किलोमीटरवरून कुणीतरी जात्याच्या खुंट्याला हात लावल्यासारखं.

सुमात्राचं नाव निघालं म्हणून जरा आपल्या अंगणात डोकावू. कारण तिथे खाली घुसणारी प्लेट परकी नाही. ती भारत-ऑस्ट्रेलियाची, म्हणजे आपण बसलोय तोच पाट. हा पाट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हापासून हे शहर, नावं बदलत बदलत, वीसेक मीटर सरकलंय. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरायला घेतलं. तेव्हापासून ते डोंगरासकट साठेक मीटर पुढे गेलंय. आणि ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये ते कोरलं तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. 'अचल' हा शब्द आपण डोंगरासाठी वापरतो, ती आपली हौस.

याच पाटाच्या पूर्वेच्या काठावर, सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर, संथ घसरणीचा एक विलक्षण पुरावा सापडला. तिथे ना जीपीएस होतं ना भूकंपमापक, कारण गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. नोंद ठेवली प्रवाळांनी. किनाऱ्यालगतची काही प्रवाळं ओहोटीच्या पातळीपर्यंतच वर वाढतात. जमीन खचली की पाणी वर येतं, मग तीही वर वाढतात. झाडाच्या खोडासारखी त्यांच्यात वर्षाची वर्षाला कडी पडते. रिषव मलिक, आरन मेल्टझनर आणि सहकाऱ्यांनी या कड्या मोजल्या. १८२९ मध्ये बेटाचं खचणं एकाएकी वाढलं आणि तसंच चालू राहिलं ते १८६१ पर्यंत. खाली प्लेटांचा उथळ भाग बत्तीस वर्षं संथ घसरत होता. एकच घटना, बत्तीस वर्षांची! त्या बेटावर तेव्हा जन्मलेल्या मुलाला मुलं झाली असतील, तरी ती संपली नव्हती. संपली ती १८६१ च्या मोठ्या भूकंपात.

इथे कुणीही विचारेल : म्हणजे संथ घसरण ही मोठ्या भूकंपाची वर्दी आहे का? कधीकधी तसं दिसलंय. ११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपाआधी भेगेच्या त्याच भागाकडे संथ घसरण सरकत आल्याच्या खुणा नंतर सापडल्या. पण जपानमध्येच तोकाईला २००० ते २००५ अशी दीर्घ घसरण होऊन गेली आणि मोठं काही झालं नाही. व्हँकुव्हरला तर दर चौदा महिन्यांनी ती होते, आणि तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा. तर्क असा की खालचा पट्टा दर वेळी घसरला की वरच्या अडलेल्या पट्ट्यावर आणखी थोडा भार पडतो. यातून तारीख काढून देणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

मग मावशीचं काय? हिंगोलीखाली जातं आहे का?

नाही. आपल्याकडे एक प्लेट दुसरीखाली जात नाही. आपण पाटाच्या मध्यावर आहोत. तिच्या कानावर पडतात ते छोटे आणि उथळ भूकंप, काही तर इतके छोटे की हादरा जाणवतच नाही. पण ते झटक्यात होतात, आणि झटक्यात उंच सूर असतो. माणसाला सेकंदाला वीस कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही. जपानची थरथर एक ते दहा कंपनांची, म्हणून ती कायमची मुकी. हिंगोलीचे झटके वीसच्या वरचे सूरही काढतात, खाली कठीण खडक असल्याने ते वाटेत विरत नाहीत, आणि जमिनीतून थेट हवेत उतरतात. म्हणून ती गुरगुर. गूढ म्हणावं असं त्यात काही नाही.

मावशीला मी सांगितलं, "जातं नाही गं, उखळ-मुसळ आहे. कुटायलंय कुणीतरी."

"मग मुसळाला जोर कशाचा?" तिने विचारलं. हा प्रश्न भल्याभल्यांना पुरून उरलाय. पाट ईशान्येला ढकलला जातो आणि हिमालयापाशी अडतो, त्याचा ताण मधल्या जुन्या भेगांवर येतो, हे एक. दुसरं बहुधा इथेही पाणीच. नांदेड शहराखाली २००६ नंतर अशाच बारक्या धक्क्यांची मालिका झाली, तेव्हा भेगांत मुरणाऱ्या पाण्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं होतं. कोयनेचं उदाहरण तर जगभर शिकवलं जातं : १९६२ मध्ये धरणात पाणी साठायला लागलं, ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा भूकंप झाला, आणि त्या छोट्याशा टापूत धक्के आजही थांबलेले नाहीत. ते बघायला कराडच्या संशोधन केंद्राने गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं. आधी किलोमीटरभर आपला बेसॉल्ट, मग त्याखालचा ग्रॅनाइट. व्हँकुव्हरला पाणी खालून येतं, कोयनेला वरून. दोन्हीकडे काम मात्र पकड सैल करण्याचंच.

मावशीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी लिहून ठेवलंय." मला वाटलं गंमत करते. दिवाळीत गेलो तेव्हा पाहिलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या आणि गॅसच्या टिपणांच्या मधे, चौकोनाचौकोनात बारीक अक्षरात 'आवाज'. कुठे 'आवाज, रात्री'. १० जुलैच्या चौकोनात : 'आवाज मोठा. ७.१४.'

ओबारांनी ज्या कागदांत शोध लावला, ते कागदही 'ट्रक गेला असेल' म्हणून बाजूला पडण्याच्याच लायकीचे होते. तेव्हा वसमत, कळमनुरी, औंढ्याकडच्या वाचकांना एवढीच विनंती : आवाज आला की कालनिर्णयवर लिहा. नुसतं 'सकाळी' नको, घड्याळ बघून मिनिटासकट. आणि डिसेंबर संपला म्हणून तो कालनिर्णय रद्दीत घालू नका.